जुन्या मारुती ८००साठी घेतलेला मल्टिमीटर: ग्वाल्हेरच्या एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

आमच्याकडे नव्वदच्या दशकातली, कार्ब्युरेटर असलेली मारुती ८०० आहे. ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात, विशेषतः जानेवारीतल्या धुक्याच्या सकाळी, ती सुरू होण्यास कुरकुर करते. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनातील ऑइलही घट्ट होते, त्यामुळे ज्या वेळी सेल्फला (इंजिन सुरुवातीला फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला) जास्त जोर हवा असतो नेमक्या त्याच वेळी बॅटरी कमी जोर देते. अशा गाडीसाठी मी हजार रुपयांच्या आतला एक साधा डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट, करंट आणि रोध मोजणारे यंत्र, घेतला. आता पूर्ण हिवाळा आणि त्यानंतरचे काही महिने तो वापरून झाला असल्याने त्याच्याविषयी खात्रीने लिहिता येते.

या मीटरचा सर्वांत सोपा उपयोग म्हणजे बॅटरीची अवस्था पाहणे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या पूर्ण चार्ज बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२च्या खाली गेल्यास ती बरीच उतरली आहे असे समजावे. गाडी नुकतीच बंद केली असेल तर हा आकडा फसवा असतो. म्हणून हेडलाइट दोनेक मिनिटे लावून, मग बंद करून, थोड्या वेळाने मोजावे. इंजिन चालू असताना त्याच टर्मिनलांवर १३.८ ते १४.५ दिसले की अल्टरनेटर चार्जिंग नीट करतो आहे.

एवढे तर कोणीही सांगेल. मीटरची खरी किंमत मला कळली ती बॅटरी चांगली असूनही सेल्फ उठेना तेव्हा. किल्ली फिरवली की फक्त एक ‘टक’ आवाज यायचा आणि पुढे काहीच नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका दुकानात ‘बॅटरी बसली आहे, नवीन टाका’ असा सल्ला मिळाला होता. मीटर मात्र १२.५ दाखवत होता, आणि किल्ली फिरवतानाही तो ११.५च्या खाली उतरत नव्हता. बॅटरी खरोखरच बसली असती तर सेल्फच्या भाराखाली आकडा ९.६च्याही खाली कोसळला असता. म्हणजे बॅटरी जोर द्यायला तयार होती, तो जोर सेल्फपर्यंत पोहोचत नव्हता.

येथे अनेकजण मीटर ‘बीप’वर (तार अखंड असली की वाजणाऱ्या सोयीवर) लावून वायर तपासतात, आणि बीप वाजली की वायर ठीक असल्याचे मानतात. सेल्फच्या वायरसाठी ही तपासणी निरुपयोगी आहे. बीप तर शंभर तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी वाजते. ओहममध्ये मोजूनही काम होत नाही, कारण साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम भरतो. सेल्फ मात्र १०० अँपिअरच्या घरात करंट ओढतो, आणि एवढ्या करंटला जोडावरचा अवघा ०.०२ ओहमचा अडथळाही २ व्होल्ट खाऊन टाकतो. मीटरला जो अडथळा दिसतच नाही, तोच गाडी रोखून धरतो.

म्हणून मोजायचे ते भार चालू असताना, आणि ओहममध्ये नव्हे तर व्होल्टमध्ये. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (खांबावरच, वरच्या क्लॅम्पवर नाही) आणि दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर धरावे. गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा, आणि मीटरच्या वायरी पंख्यापासून दूर असाव्यात. मग दुसऱ्या माणसाने किल्ली फिरवावी. शेजारच्या काकांना मी हाक मारली, ‘काका, आता फिरवा किल्ली’, आणि आकडा सरळ १.८वर गेला. चांगल्या अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडी-इंजिनपर्यंतच्या जोडणीत, तो ०.२च्या आतबाहेर राहतो.

यानंतर शोध घेणे सोपे होते. एक टोक तिथेच ठेवून दुसरे क्लॅम्पवर, बॉडीवरील बोल्टवर, मग इंजिनवरील थिंबलवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) असे पुढे सरकवत नेले, आणि ज्या जोडापाशी आकडा एकदम उडी मारतो तोच दोषी. आमच्या गाडीत तो इंजिनवरचा जोड निघाला. वरून बोल्ट घट्ट आणि चकचकीत दिसत होता, पण तो सोडवल्यावर थिंबलच्या आत, इन्सुलेशनखाली, तांब्याच्या तारा हिरवी भुकटी होऊन पूर्ण खराब झालेल्या आढळल्या. अर्थची वायर बदलली, बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने घासली आणि सेल्फ पूर्वीसारखा फिरू लागला. बॅटरी अजून तीच आहे. पॉझिटिव्हच्या बाजूसाठीही हीच पद्धत लागू पडते, म्हणजे बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टपर्यंत, आणि तेथे ०.५ व्होल्टच्या आत असणे पुरेसे आहे.

दुसरा उपयोग झाला तो गाडी उभी असताना होणारी विजेची गळती शोधण्याचा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात लावून मीटर खांब आणि त्या काढलेल्या वायरच्या मध्ये बसवला, तेव्हा सगळे बंद असतानाही मागाहून बसवलेली म्युझिक सिस्टिम सुमारे ०.३ अँपिअर ओढत असल्याचे दिसले. अशा साध्या गाडीत ०.०५च्या वर जायचे कारण नसते. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी या हिशेबाने पाच दिवसांच्या आत रिकामी होते. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र कधीही मारू नये, आणि मोजणी झाल्यावर लाल वायर व्होल्टच्या भोकात परत लावल्याशिवाय मीटर बाजूला ठेवू नये. ती १० अँपिअरमध्येच राहिली आणि पुढच्या वेळी बॅटरीवर टेकली तर थेट शॉर्ट होतो, आणि स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बऱ्याचदा फ्यूजही नसतो.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, अशा वेळी मीटरची मदत मर्यादित आहे. किल्ली चालू असताना इग्निशन कॉइलवर बॅटरीएवढा व्होल्टेज येतो की नाही एवढे तो सांगतो. पेट्रोल, चोक आणि प्लगची ठिणगी यांची तपासणी वेगळीच करावी लागते.

उणिवा सांगायच्या तर पडद्याला प्रकाश नाही आणि धुक्याच्या सकाळी आकडा वाचणे कठीण जाते. आकडा सेकंदात दोन-तीनदाच बदलतो, त्यामुळे सेल्फ मारताना क्षणभर झालेली व्होल्टची घसरण निसटते. मिन-मॅक्सची (सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा धरून ठेवण्याची) सोय असलेला मीटर या कामासाठी जास्त पैसे मोजून घेण्याजोगा आहे. सोबतच्या वायरींची टोके जोडावरून सारखी घसरत, म्हणून चिमट्यांचा जोड वेगळा आणला आणि मगच एका हाताने काम करता येऊ लागले. मीटरमधील ९ व्होल्टची बॅटरी उतरली की आकडे खऱ्यापेक्षा जास्त दिसू लागतात. पडद्यावर बॅटरीचे चिन्ह आले की मोजलेला कोणताही आकडा खरा मानू नये, आधी ती बदलावी.