नियंत्रणासाठी रॅकेट: ब्लेड ९८ की ग्रॅव्हिटी प्रो?

विल्सनची ब्लेड ९८ आणि हेडची ग्रॅव्हिटी प्रो या दोन्ही टेनिस रॅकेट १८ उभ्या आणि २० आडव्या तारांच्या दाट जाळीत मिळतात, त्यामुळे सपाट फटका जोरात मारला तरी चेंडू अकारण उंच न उडता रेषेच्या आत पडतो. ब्लेड १६ बाय १९ जाळीतही येत असल्याने विकत घेताना फ्रेमवरील आकडे अवश्य वाचावेत.

खरा फरक वजनात आहे. तारा न लावता ब्लेड ३०५ ग्रॅम भरते, तर ग्रॅव्हिटी ३१५ ग्रॅम. हे दहा ग्रॅम दुकानात जाणवतही नाहीत, पण तिसऱ्या सेटमध्ये अंगावर आलेली वेगवान सर्व्हिस परतवताना रॅकेट वेळेवर पुढे येईनाशी झाली की त्यांचा हिशोब चुकवावा लागतो. त्या बदल्यात ग्रॅव्हिटी जोराने आणि फिरकीने येणाऱ्या जड चेंडूपुढे डगमगत नाही, आणि तिचे डोके १०० चौरस इंचांचे, वरच्या बाजूला रुंद असल्याने टोकाकडे लागलेला फटकाही बऱ्यापैकी निभावून जातो. ब्लेडचे ९८ चौरस इंच एवढे क्षमाशील नाहीत. मात्र नेटजवळ ती पटकन फिरते आणि व्हॉलीचा, म्हणजे टप्पा पडण्याआधीच मारलेल्या फटक्याचा, स्पर्श हातात स्वच्छ उतरतो.

आठवड्यातून दोनदाच खेळणाऱ्याला, विशेषतः दुहेरी खेळणाऱ्याला, मी ब्लेडच सुचवेन. ग्रॅव्हिटी लांब, पूर्ण स्विंग असणाऱ्या, बेसलाइनवरून म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून खेळणाऱ्या खेळाडूने घ्यावी. दोन्हींत कडक पॉलिएस्टर तार घालायची असल्यास ताण ५० पौंडांच्या वर नेऊ नये. कोपर दुखू लागल्यावर रॅकेटला दोष देण्यात अर्थ नसतो.