दोन झीऑन, एक बोर्ड: पुण्यात कमी पैशांत ड्युअल-प्रोसेसर मशीन

इंटेलचा झीऑन ई५-२६८० व्ही४ हा प्रोसेसर २०१६ साली आला तेव्हा त्याची यादीतली किंमत १,७४५ डॉलर होती. आज तो बंद झालेल्या सर्व्हरमधून निघतो आणि अख्ख्या मशीनमध्ये सगळ्यांत स्वस्त वस्तू बहुधा तोच असतो. एकात १४ कोअर, २८ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). दोन बसवले की ५६ थ्रेड. या आकड्याला भुलून लोक आधी प्रोसेसरची जोडी घेतात आणि मग तिच्यासाठी मदरबोर्ड शोधत फिरतात. क्रम उलटा हवा. पैसे वाचतात किंवा बुडतात ते बोर्ड, रॅम आणि हीटसिंक यांत. बोर्ड हातात येईपर्यंत बाकी काहीच घेऊ नका.

आमची पसंती सुपरमायक्रोच्या एक्स१०डीआरएल-आय या जुन्या बोर्डाला. दोन सॉकेटचे (प्रोसेसर बसायच्या जागांचे) बरेच बोर्ड १२ बाय १३ इंचांचे असतात आणि त्यांच्यासाठी मोठं, महागडं कॅबिनेट घ्यावं लागतं. हा १२ बाय १० इंचांचा आहे, म्हणजे साध्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये बसतो. रॅमच्या ८ जागा, डिस्क जोडायला साटाचे १० पोर्ट आणि बोर्डावरच व्हीजीए, म्हणजे मॉनिटरची जोडणी. शेवटची सोय फार कामाची, कारण या झीऑनमध्ये ग्राफिक्स नसतं. नुसता सर्व्हर करायचा असेल तर ग्राफिक्स कार्डाचा खर्च वाचतो.

नवे कोरे चिनी एक्स९९ ड्युअल बोर्ड याहून सोप्या पद्धतीने मिळतात. पण त्यातल्या अनेकांवर जुन्या बोर्डांतून काढलेले चिपसेट असतात, बायॉसचे (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट बेभरवशाचे आणि दूरून मशीन सांभाळायची सोय नाही. अधूनमधून वापरायला ठीक; रात्रंदिवस रेंडर लावायचं असेल तर नको.

जुना बोर्ड घेताना सॉकेटचा जवळून काढलेला फोटो मागा, दोन्ही सॉकेटचा. एक वाकलेली पिन म्हणजे एक मेमरी चॅनल (रॅमकडे जायची वाट) गेला, किंवा बोर्ड सुरूच होणार नाही. दुसरी चौकशी बायॉसची. व्ही४ पिढीचा प्रोसेसर चालायला या मालिकेच्या बोर्डांना २.० किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. जुनी असेल तर व्ही४ टाकून पडदा काळाच राहतो आणि अपडेटपुरता एखादा व्ही३ प्रोसेसर मिळवावा लागतो. आयपीएमआयमधून (बोर्डातली दुरून मशीन सांभाळायची सोय) बायॉस बदलता येतो खरा, पण त्याला वेगळा परवाना लागतो. विक्रेत्याला बोर्ड चालू करून आवृत्ती दाखवायला सांगा. जो दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

प्रोसेसरच्या टोपणावर एसआर२एन७ हा कोड असला पाहिजे, दोन्हींवर तोच. ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असं कोरलेलं असेल तर तो चाचणीचा नमुना आहे, कितीही स्वस्त असला तरी परत द्या. ई५-१६०० मालिकेतले प्रोसेसर दिसायला असेच, पण ते एकट्यानेच चालतात, जोडीत नाही.

आता रॅम. इथेच सगळ्यांत जास्त पैसे जातात आणि इथेच सगळ्यांत जास्त चुका होतात. प्रत्येक प्रोसेसरला चार मेमरी चॅनल आहेत. डीडीआर४-२४०० वर एका चॅनलची गती सेकंदाला १९.२ जीबी, चारही भरले की ७६.८. म्हणून ६४ जीबी हवी असेल तर १६ च्या चार पट्ट्यांऐवजी ८ च्या आठ पट्ट्या घ्या, चार इकडे आणि चार तिकडे. सगळ्या पट्ट्या एकाच प्रोसेसरच्या बाजूला लावल्या तर दुसऱ्याला प्रत्येक वेळी शेजाऱ्याच्या मेमरीतून माहिती आणावी लागते आणि जोडीचा फायदाच संपतो. पट्टीच्या लेबलवर २४००टी नंतर आर असेल तर ती रजिस्टर्ड, एल असेल तर लोड-रिड्यूस्ड, यू असेल तर साधी डेस्कटॉपची. सगळ्या आर घ्या. आर आणि एल एकत्र चालत नाहीत.

हीटसिंक घेण्याआधी सॉकेटभोवतीच्या भोकांमधलं अंतर पट्टीने मोजा. ८० बाय ८० मिलिमीटर असेल तर चौकोनी, ९४ बाय ५६ असेल तर अरुंद. बाजारातले बरेच डेस्कटॉप कूलर चौकोनीवरच बसतात. नॉक्टुआचा एनएच-यू९डीएक्स आय४ दोन्हींवर बसतो, पण दोन घ्यायचे म्हटल्यावर खिशाला जड जातो. प्रोसेसर १२० वॉटचा आहे. १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर पुण्याच्या एप्रिल-मेमध्येही पुरतो, कॅबिनेटमधून हवा खेळती असली की झालं.

पंख्यांचा एक त्रास आधीच माहीत असू द्या. हा सर्व्हरचा बोर्ड आहे, त्याला वेगाने फिरणारे पंखे अपेक्षित असतात. शांत पंखा सावकाश फिरू लागला की बोर्ड तो बंद पडला असं समजतो, सगळे पंखे पूर्ण वेगाने सोडतो, मग शांत होतो, पुन्हा सोडतो. पंखा खराब नसतो. लिनक्सवर आयपीएमआयटूलने त्या पंख्याच्या खालच्या मर्यादा कमी करायच्या, उदाहरणार्थ १००, २००, ३०० फेरे. आवाज थांबतो.

एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) ६५० वॉटचा, चांगल्या कंपनीचा आणि प्रोसेसरसाठी आठ पिनांच्या दोन स्वतंत्र वायरी असलेला. दुसरी वायर नसेल तर मोलेक्सवरून कन्व्हर्टर लावायचा मोह होतो. तो कनेक्टर तापून वितळतो. ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची वायर तर चुकूनही इथे घुसवू नका, तिच्यात प्लस आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात. लांब वायर, थर्मल पेस्ट, पिना पुसायचं अल्कोहोल अशा किरकोळ गोष्टींसाठी तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर. जुन्या बाजारातून कॅबिनेट घ्यायला हरकत नाही. बोर्ड आणि एसएमपीएस तिथून नको, चालवून बघता येत नाहीत.

जोडणी कॅबिनेटच्या बाहेर करा. पहिल्या सॉकेटमध्ये एक प्रोसेसर, एक पट्टी, एवढ्यावर सुरू करून बघा. वीज जोडल्यावर आयपीएमआय जागं व्हायला मिनिटभर लागतं. तोवर पॉवरचं बटण दाबून काही होत नाही, बोर्ड मेला असं समजू नका. बायॉस दिसला की दुसरा प्रोसेसर, मग एकेक पट्टी. काही स्लॉट दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेले असतात, तो नसेल तर त्यातलं कार्ड दिसत नाही. शेवटी रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी.

विंडोज घालणार असाल तर होम आवृत्ती एकच सॉकेट ओळखते. दुसरा प्रोसेसर नुसता बसून राहतो. प्रो लागते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ च्या अधिकृत यादीत हे प्रोसेसर नाहीत. लिनक्सच बरं.

घ्यावं कोणी? ब्लेंडर रेंडर, मोठे कोड बिल्ड, अनेक व्हर्च्युअल मशीन, सिम्युलेशन करणाऱ्यांनी. गेम, फोटोशॉप, कॅडमधलं रोजचं ड्रॉइंग यांना एकाच कोअरचा वेग लागतो, आणि तिथे आजचा मधल्या किमतीचा डेस्कटॉप प्रोसेसर जवळपास दुप्पट धावतो. त्यांनी या वाटेला जाऊ नये.

विजेचाही हिशोब करा. पूर्ण भारावर ३५० वॉट धरले तर रोज दहा तासांचे महिन्याला १०५ युनिट होतात, म्हणजे घरचं बिल हमखास वरच्या टप्प्यात जातं. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर यूपीएसही लागेल. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुतेक वेळा ३६० वॉटच देतो, तो भारावर लगेच बंद पडतो. निदान १ केव्हीएचा घ्या, आणि त्याच्या मागच्या लेबलवर वॉटचा आकडा वाचूनच.