शाळेतली ‘मानवी वाहतूक’ कार्यशाळा : तीन तासिका, चोवीस कार्डं आणि एक कोरं पान

‘अनैतिक मानवी वाहतूक’ हा सरकारी शब्द. सातवीच्या वर्गात तो फळ्यावर लिहिला की पहिला हात वर होतो तो एका ऑटोत किती पोरं कोंबतात हे सांगायला. नागपुरातल्या शाळांना एक स्वयंसेवी संस्था सध्या जी कार्यशाळा देते, तिचं पहिलं शहाणपण हे, की तो शब्द फळ्यावर येतच नाही. ‘फसवून नेणं आणि विकणं’ एवढंच लिहितात.

सातवी ते नववीसाठी 40 मिनिटांच्या 3 तासिका, मध्ये आठवड्या-आठवड्याचं अंतर. एका गटात 40 च्या वर मुलं घेत नाहीत. सोबत 24 चित्रकार्डं, प्रश्नपेटी, भिंतीवरचा तक्ता, शिक्षकांसाठी 16 पानी पुस्तिका आणि पालकांची तासाभराची सभा. मनपा आणि झेडपीच्या शाळांना मोफत, खासगी शाळांना विद्यार्थ्यामागे 40 रुपये. मुलगे-मुली एकत्र बसतात, हे महत्त्वाचं. ‘हा मुलींचा विषय’ म्हणून पोरांना ग्राउंडवर पिटाळायची सवय बऱ्याच शाळांना आहे. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा मात्र 18 च्या आतल्या मुलगा-मुलगी दोघांनाही सारखंच संरक्षण देतो.

पहिली तासिका पोरं पळवणाऱ्या टोळीची गोष्ट मोडण्यात जाते, आणि ती तशीच जायला हवी. मुलांच्या डोक्यात काळ्या काचांची गाडी, बेशुद्धीचा रुमाल आणि झोळीवाला बाबा असतो. या भीतीने कोणी वाचत नाही, उलट माणसं मरतात. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं, ते भिक्षा मागून पोट भरणारे होते. खरा दलाल बहुतेक वेळा ओळखीचा असतो: गावाकडची मावशी, कामाला लावून देणारा भाऊ, इन्स्टावर तीन महिने गोड बोललेला ‘मित्र’. प्रशिक्षक हे नीट सांगतात. एक पथ्यही पाळतात, उदाहरणात शहरातल्या कुठल्याच वस्तीचं नाव घेत नाहीत. इतवारीच्या बाजूच्या शाळेत कुणी ‘गंगा-जमुना’ (तिथली देहविक्रीची वस्ती) म्हटलं की वर्गातल्या दोन-तीन माना खाली जातात, आणि ती मुलं पुढे तोंड उघडत नाहीत. नेमकी तीच बोलायला हवी असतात.

दुसरी तासिका हा या पॅकेजचा जीव. पाच-पाच मुलांच्या गटाला आठ कार्डं उलटसुलट देतात आणि क्रम लावायला सांगतात. एकावर शेजारची बाई मुलीच्या केसांची तारीफ करतेय. दुसऱ्यावर मोबाइलचा रिचार्ज. तिसऱ्यावर ओठांवर बोट, ‘घरी सांगू नको’. मग मैत्रिणीशी भांडण, पुण्याच्या पार्लरमधली नोकरी, रेल्वेचं तिकीट, ‘आधार माझ्याजवळ राहू दे’, आणि शेवटी हातातून काढून घेतलेला फोन. क्रम लागला की एकच प्रश्न: थांबायचं कुठे? बहुतेक बोटं तिकिटावर जातात. प्रशिक्षक काही न बोलता एकेक कार्ड पालथं घालत मागे येतात आणि तिसऱ्यावर थांबतात. तिकीट हातात पडेपर्यंत पोरगी मनाने घरातून निघून गेलेली असते, तेव्हा सल्ला ऐकू येत नाही. गुपित राखायला सांगणं ही खूण मात्र कुणालाही सांगता येते, दहा वर्षांच्या पोरालाही. दुसरा संच मुलग्याचा, ऑनलाइन गेममधल्या फुकट ‘डायमंड’पासून सुरू होणारा. तिसरा लग्नाचा: हुंडा नको, खर्च आमचा, फक्त परराज्यात यायचं.

याच तासिकेत नोकरी तपासायचे पाच प्रश्न पाठ करून घेतात. मालकाचं नाव काय? पूर्ण पत्ता कोणता? आधार कोणाजवळ राहील? घरच्या कोणत्या दोघांना हे माहीत आहे? उद्याच परत यावंसं वाटलं तर तिकिटाचे पैसे माझ्याजवळ असतील का? एकालाही गोलमाल उत्तर मिळालं तर जायचं नाही. इथे कायद्याची एक ओळ जोडायला हवी होती, ती राहून गेलीय: 14 च्या आत कामाला ठेवणं गुन्हा आहे, घरच्या धंद्यातली शाळेबाहेरच्या वेळची मदत आणि बालकलाकार हे अपवाद सोडून; आणि 14 ते 18 मध्ये धोकादायक काम चालत नाही.

‘मीच तर गेले होते’ या अपराधी भावनेवर मात्र दहा मिनिटं दिलीत, तो वेळ सोन्याचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 मध्ये पीडिताच्या संमतीला किंमतच नाही. बालकाची विक्री असेल तर किमान 10 वर्षं ते जन्मठेप. मुलांना आकडा लक्षात राहत नाही, पण ‘तू हो म्हटलंस तरी चूक त्याचीच’ हे राहतं. तक्त्यावर अजून जुन्या दंड संहितेचं कलम 370 छापलंय. नवी संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. नवीन तक्ता छापायला असा किती खर्च येतो?

तिसरी तासिका मोबाइलची. फोटोवरून धमकी आली तर पैसे द्यायचे नाहीत, दुसरा फोटो पाठवायचा नाही, चॅट डिलीट करायचं नाही. समोरच्याचं युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक उतरवून घ्यायची, मग ब्लॉक करायचं आणि त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगायचं. क्रम बरोबर आहे. घाबरलेलं पोर आधी ब्लॉक करतं आणि नाव हातचं जातं.

पण पुस्तिकेच्या नवव्या पानावर घोळ आहे. ‘पुरावा म्हणून शिक्षकांनी फोटोचा स्क्रीनशॉट स्वतःच्या फोनवर घ्यावा’ असं लिहिलंय. हे अजिबात करू नका. बालकाची अश्लील प्रतिमा स्वतःजवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं पोक्सोच्या कलम 15 आणि आयटी कायद्याच्या 67-ब मध्ये अडकवू शकतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये या बाबतीत पळवाटा बंद केल्यात. फोन मुलाकडे किंवा पालकाकडे जसा आहे तसा राहू द्या, तारीख, वेळ आणि युजरनेम कागदावर लिहा, बाकी काम सायबर पोलिसांचं. तक्रार सायबरक्राईम पोर्टलवर नाव न देताही करता येते.

दुसरा घोळ जास्त महाग पडेल. मूल बोललं तर ‘प्रथम विषय सखी सावित्री समितीपुढे ठेवावा’ असं पुस्तिका सांगते. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली ही समिती चांगली गोष्ट आहे, पण ती पोलिसांच्या आधीची चाळणी नाही. पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं; न कळवल्यास कलम 21 मध्ये 6 महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दाबला तर वर्षभरापर्यंत कैद. समितीची बैठक, मग संचालक, मग ‘पालकांना बोलावून घेऊ’ यात चार दिवस जातात आणि तेवढ्यात पोर गावी पाठवलं जातं. वर्गशिक्षिकेने करायचं काम छोटं आहे. ऐकायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. खोदून विचारायचं नाही. मुलाचेच शब्द वेळेसकट लिहायचे आणि त्याच दिवशी कळवायचं. पुढे बाल कल्याण समितीला 24 तासांत माहिती देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. मारहाण किंवा रक्तस्राव असेल तर थेट मेडिकल नाहीतर मेयो या सरकारी रुग्णालयात न्यायचं. तातडीच्या उपचारासाठी आधी एफआयआर लागत नाही.

वेळापत्रकाबद्दल भांडायलाच हवं. कार्यशाळा येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, कंपन्यांचा निधी संपवायच्या घाईत. नागपूरच्या हिशोबाने ती दिवाळीच्या सुट्टीआधी हवी. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जातात, पोरं पटावरून दिसेनाशी होतात आणि कोण आईबापासोबत गेलं नि कोण एकटं गेलं याचा कुणाला पत्ता नसतो. पॅकेजमधली ‘गैरहजेरी वही’ त्यासाठीच आहे: सलग तीन दिवस नाही आलं तर घरी फोन, पाचव्या दिवशी घरी चक्कर, कुणासोबत आणि कुठे गेलं ते लिहून. वही दिसायला साधी, पण सगळ्या संचात सर्वात कामाची. मूल सापडतच नसेल तर ‘दोन दिवस वाट पाहा’ हे ऐकून घ्यायचं नाही. हरवलेल्या बालकाची तक्रार अपहरण समजून नोंदवायची हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलंय. आठवीनंतर जिथे गावची शाळाच संपते तिथे वही कोण चालवणार, याचं उत्तर पॅकेजमध्ये नाही.

पालकसभा ठीकठाक. दुपारी 3 ला ठेवली तर रोजीवाले येत नाहीत. रविवारी सकाळी ठेवा. तक्ता हेडमास्तरांच्या केबिनबाहेर लावू नका, तिथे उभं राहून मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 कोण वाचेल? स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला, मुलाच्या नजरेच्या उंचीवर. 1098 सोबत पोलिसांचा 112 आणि रेल्वेचा 139 हातानेच लिहून घ्या. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मार्ग ज्या स्टेशनात एकमेकांना छेदतात, त्या शहराच्या तक्त्यावर रेल्वेचा नंबर नसावा हे नवलच.

एकूण, बोलावण्यासारखी आहे, विशेषतः कार्डांसाठी. फक्त पुस्तिकेचं शेवटचं पान आधी उघडा. ‘आपल्या पोलीस ठाण्याचा क्रमांक’, ‘जिल्हा बाल संरक्षण कक्ष’, ‘बाल कल्याण समिती’, ‘शाळेतली जबाबदार व्यक्ती’ अशा चार ओळी आणि पुढे नुसत्या टिंबांच्या रेघा. संस्था त्या भरून देत नाही. पहिल्या तासिकेच्या आदल्या दिवशी चारही नंबर स्वतः लावून पाहा, उचलतात का ते बघा आणि पेनाने लिहा. प्रश्नपेटीत चिठ्ठी पडते ती बहुधा त्याच दुपारी.