ब्रेक कॅलिपरचं स्लाइड पिन किट: पाकिटातलं काय वापरावं, काय फेकावं

ब्रेक कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन पॅडांमध्ये चिमटणारा भाग, आणि तो ज्या पिनांवरून सरकतो त्या स्लाइड पिना. त्यांचं किट म्हणजे तळहातावर मावणारं पाकीट: दोन पिना, धूळ-पाणी अडवणारे दोन रबरी बूट, एका पिनेच्या टोकाला बसणारा रबरी बुश (छोटी बाही) आणि ग्रीसची छोटी पुडी. जाम झालेल्या कॅलिपरवरचा हा सगळ्यात स्वस्त इलाज, आणि दुखणं खरोखर पिनांचंच असेल तर नवा कॅलिपर घ्यायची वेळ टळते. पण पाकिटातल्या चारही वस्तू एका दर्जाच्या नसतात. खरा माल बुटांचा. पिना बहुतेक वेळा बऱ्या निघतात, तरी मापून घ्याव्यात. बुशाबद्दल शंका ठेवावी. पुडीवर ग्रीसचा प्रकार छापलेला नसेल तर ती सरळ कचऱ्यात.

आधी किटची गरज आहे का, ते बघा. फ्लोटिंग कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. पेडल दाबलं की पिस्टन आतला पॅड डिस्कवर रेटतो आणि त्याच्या उलट्या जोराने अख्खा कॅलिपर पिनांवरून सरकत बाहेरचा पॅड ओढून आणतो. हे सरकणं अगदी थोडं असतं, पण ते थांबलं की बहुतेक सगळा भार आतल्या पॅडवर येतो. पेडल सोडल्यावर कॅलिपर मोकळा होत नाही, ब्रेक धरून राहतो, चाक तापतं. पॅड काढून बघितले की पुष्कळ कळतं. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजला असेल तर संशय पिनांवर घ्यावा. एखादा पॅड पाचरीसारखा, म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ झाला असेल, तर दोनपैकी एकच पिन अडकलेली असण्याची शक्यता जास्त.

पिस्टन सी-क्लॅम्पने आत ढकलून बघा. एकसारखा जात असेल तर ठीक. अडखळत असेल, किंवा त्याच्या धूळरबराखाली गंज दिसत असेल, तर दोष पिस्टनचा आहे आणि या किटने काही होणार नाही. मागच्या चाकांना कॅलिपरमध्येच हँडब्रेक असेल तर क्लॅम्प लावू नका. तिथला पिस्टन बहुतेक गाड्यांत फिरवत आत न्यावा लागतो. चाक धरून बसलेलं असताना ब्लीड स्क्रू (कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल बाहेर सोडणारा स्क्रू) जरा सैल केल्याबरोबर ते मोकळं झालं, तर दाब आत कोंडतोय: ब्रेकची रबरी नळी आतून सुजलेली असू शकते. आणखी एक ठिकाण नेहमी सुटतं. पॅडचे कान ब्रॅकेटच्या, म्हणजे गाडीला घट्ट बोल्ट केलेल्या चौकटीच्या, ज्या खाचांत बसतात, तिथे क्लिपच्या खाली गंजाचे थर चढतात आणि पॅडच अडकतो. पिना कितीही गुळगुळीत केल्या तरी तो अडकलेलाच राहणार.

आता पिना. बऱ्याच गाड्यांत त्या दोन वेगळ्या असतात: एक सरळ गोल, दुसरीच्या टोकाला रबरी बुश किंवा अंगाला सपाट पट्ट्या. नवी पिन जुनीच्या शेजारी ठेवून लांबी, आटे आणि षटकोनी डोक्याचं माप जुळवा. मग व्हर्नियरने जाडी बघा, तीही जुन्या पिनेच्या न झिजलेल्या भागावर. नवी बारीक निघाली तर खडबडीत रस्त्यावर कॅलिपर खडखडतो. जाड निघाली तर आज बसेल आणि तापल्यावर अडकेल. जुन्या पिनेचा मुलामा शाबूत असेल, नखाला खड्डा लागत नसेल, तर जुनीच वापरावी आणि किटमधून फक्त रबर घ्यावं. मात्र गंजलेली पिन पॉलिशपेपरने घासून परत बसवण्यात अर्थ नाही. मुलामा गेला की उघडं पोलाद आणखी लवकर गंजतं.

सगळ्यात जास्त वेळा अडकते ती बुशवाली पिन. तिच्यात खोट नसते, चुकीच्या ग्रीसमुळे ती अडकते. हे बुश आणि बूट साधारणपणे ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात, आणि ईपीडीएम खनिज तेलात फुगतं. बेअरिंगचं पिवळसर लिथियम ग्रीस, कॉपर ग्रीस, इंजिन ऑइल, सगळ्यांचा परिणाम तोच. बुश ब्रॅकेटमधल्या पिनेच्या भोकात घट्ट बसतो आणि पिन बाहेर यायला तयार होत नाही. कॉपर ग्रीस ब्रेकच्या डब्यातच ठेवलेलं असतं म्हणून हात तिकडे जातो, पण ते पॅडच्या पाठीचं ग्रीस. पिनेला हवं सिलिकॉन ग्रीस, किंवा ट्यूबवर ‘कॅलिपर पिनसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं सिंथेटिक ग्रीस. ग्रीसमध्ये मोलिब्डेनमची निसरडी काळी भुकटी असायला हरकत नाही, फक्त ते कुठल्या तेलात मिसळलंय ते वाचा. एक खोच इथेही आहे: सिलिकॉन ग्रीस सिलिकॉन रबराला फुगवतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं ग्रीस सांगितलं असेल तर तेच घ्यावं. किटमधल्या बुशाचं रबर मऊ वाटत असेल आणि गाडीच्या कंपनीचा बुश सुटा मिळत असेल, तर तो घेणं शहाणपणाचं.

पिन जामच असेल तर मारामारी करू नये. बूट काढा, गंज सोडवणारं तेल सोडा, थोडा वेळ मुरू द्या, मग पिनेच्या डोक्याला पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे असं फिरवत बाहेर ओढा. एकाच दिशेने जोर दिला की पिन पिळवटून तुटते. तेवढ्याने भागलं नाही तर ब्रॅकेट गाडीवरून काढून व्हाइसमध्ये धरावा आणि भोकाच्या बाहेरून गरम करावा. रबर आणि ब्रेकची नळी जवळ असताना आगीचं काम नको. पिन निघाली की भोक ब्रेक क्लीनर आणि नायलॉनच्या गोल ब्रशने तळापर्यंत साफ करा, कारण गंज सोडवणारं ते तेलही खनिजच असतं. ड्रिल घालून भोक मोठं करू नये. आत खड्डे पडले असतील तर किट बाजूला ठेवून ब्रॅकेटच बदलावा.

बसवताना ग्रीसचा हात आखडता. एका पिनेला साधारण एक ग्रॅम, म्हणजे सगळीकडे पातळ चकाकी दिसेल इतकं. चिमूटभर बुटाच्या आत ओठाला. भोक बहुतेक वेळा तळाशी बंद असतं, त्यामुळे ते ग्रीसने भरलं की पिन आत दाबून सोडल्यावर परत बाहेर येते. हे दिसायला गमतीचं, पण तसाच कॅलिपर लावला तर कोंडलेली हवा आणि ग्रीस त्याला एका बाजूला रेटत राहतात. जास्तीचं पुसून काढा, पिन पूर्ण आत ढकला, बुटाचा ओठ बोटाने जरा उचला, फुस्स आवाज करत हवा निघाली की ओठ खाचेत बसवा. आता पिन दोन बोटांनी आतबाहेर सरकली पाहिजे आणि सोडल्यावर जिथल्या तिथे राहिली पाहिजे. बुटाला पीळ पडला असेल तर पिन फिरवून तो काढून टाका. पीळ राहिलेला बूट लवकर चिरतो आणि पाणी थेट पिनेपर्यंत जातं.

बुशवाली पिन वर होती की खाली, ते काढतानाच खुणेने लिहून ठेवा. अदलाबदल झाली तर कॅलिपर बसतो, पण तापल्यावर अडकतो किंवा वाजतो. बोल्ट सोडताना आणि आवळताना पिनेचं डोकं पातळ पान्याने धरून ठेवावं, नाहीतर बोल्टबरोबर पिन आणि पिनेबरोबर बूट फिरतो. पिनांचे बोल्ट छोट्या गाड्यांत बऱ्याचदा 25 ते 35 न्यूटन-मीटरच्या आसपास असतात. ब्रॅकेटचे बोल्ट त्याच्या तिप्पट वगैरे. नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा, अंदाजाने इथे आवळू नये. काढलेला कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने सस्पेन्शनला बांधा. पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलची टाकी ओसंडत नाही ना, तेही बघा. रंगावर सांडलं तर रंग उतरतो.

हे किट सगळ्यांसाठी नाही. काही कॅलिपरांत 7 मिलिमीटरच्या ॲलन-कीने सुटणाऱ्या पिना जाड रबरी नळ्यांतून जातात. त्यातल्या बऱ्याच कोरड्या चालण्यासाठीच बनवलेल्या असतात. तिथे ग्रीस घातलं की धूळ चिकटते आणि चांगली चालणारी गोष्ट बिघडते. तिथे पिना पुसून स्वच्छ करा आणि रबरी नळ्या बदला, तेवढंच.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत हळूहळू दाबा. पहिला दाब पोकळ जाणार, कारण पिस्टन मागे गेलेला असतो. मग शक्य तेवढा कमी ब्रेक वापरत दहा-पंधरा मिनिटं चालवून थांबा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही बाजूंच्या डिस्कचं तापमान मोजा. हात लावून बघायच्या फंदात पडू नका. डावी-उजवी जवळपास सारखी दाखवली तर किटने आपलं काम केलं. एकच बाजू अजून ठळकपणे गरम असेल, तर पिना परत उघडण्याआधी पिस्टन आणि नळीकडे वळा.