उकडलेली अंडी: पातेलं, कुकर, एग बॉयलर का इडलीपात्र?

एग बॉयलर घेऊ का नको ह्या विचारात असाल तर आधी एक सांगा, तुमची अंडी सोलताना नीट निघतात का? कारण शिजायचं म्हणाल तर अंडं कशातही शिजतं. माझं डोकं फिरायचं ते सोलताना. अंड्याचा रस्सा करायचा, खोबऱ्याचं वाटण तयार, पाहुणे बाहेर बसलेत आणि इकडे टरफलाबरोबर पांढऱ्याचे लचके निघतायत, पापुद्रा नखाने खरवडावा तर बोटाला टोचतं, शेवटी सहातली चार अंडी खड्डे पडलेली. ती रश्श्यात टाकली की पांढऱ्याचे तुकडे तरंगतात. भुर्जी करायची असती तर अंडी उकडली कशाला असती?

थंड पाण्यात अंडी घालून पातेलं गॅसवर चढवायचं ही आपल्याकडची नेहमीची पद्धत, आणि चिकटतात ती जास्त करून ह्यातच. पांढरं हळूहळू तापतं आणि आतल्या पापुद्र्याला धरून बसतं. त्यात अंडी ताजी असली तर बघायलाच नको. ताज्या अंड्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, दिवस जातात तसा तो टरफलाच्या छिद्रांतून निघून जातो आणि मग पापुद्रा सुटायला लागतो, त्यामुळे गावाहून कौतुकाने आणलेली गावठी अंडी उकडायला घ्यायची असतील तर आठवडाभर फ्रिजमध्ये राहू द्या. थेट उकळत्या पाण्यात सोडली तर फरक पडतो हे खरं, पण फ्रिजमधलं गार अंडं खळखळत्या पाण्यात तळाला आपटलं की तडा जातो आणि पांढरं बाहेर येतं.

कुकरबद्दल फार बोलत नाही. सोलायला चांगली निघतात, पण आत १०० च्या बरंच वर तापमान जातं, आणि प्रत्येकाच्या कुकरची शिट्टी वेगळी. जरा जास्त झालं की बलकाभोवती हिरवट कडा आणि तो गंधकासारखा वास. खाल्ली तर काही होत नाही, पण डब्यात द्यायला नको वाटतं.

आता एग बॉयलर. वाईट नाहीये, खरंच. पाण्याऐवजी वाफेवर शिजतं, सुरुवातीलाच चांगली उष्णता लागते, त्यामुळे टरफल मोठ्या मोठ्या तुकड्यांत निघतं. फक्त अंडी जास्त असतील तर पाणी कमी घालायचं हे उलटं गणित सवयीचं व्हायला वेळ लागतो. आणि आमच्याकडे टँकरचं पाणी, त्यामुळे खालच्या प्लेटवर पांढरा-तपकिरी थर धरतो, तो लिंबू नाहीतर व्हिनेगर घालून काढत बसा. शिवाय ओट्यावरचा अजून एक प्लग अडकतो, तिथे आधीच मिक्सरचं भांडण.

म्हणून मी आपला घरातल्या इडलीपात्राकडे वळलो. काम तेच, वाफेचं. तळाला पाणी उकळू द्यायचं, मग साच्याच्या खळग्यात एकेक अंडं ठेवून झाकण लावायचं, कुकरचं भांडं वापरत असाल तर शिट्टी काढून. बारा-तेरा मिनिटं, आणि लगेच गार पाण्यात, बर्फ असला तर उत्तम. खळग्यात अंडं हलत नाही म्हणून फुटायचं प्रमाण कमी. सोलताना गोल बाजूला, जिथे आत हवेची पोकळी असते, तिथे टिचकी मारून पापुद्र्याखाली अंगठा घालायचा, नळाखाली धरलं तर आणखी सोपं. अगदी शंभर टक्के गुळगुळीत निघतात असं नाही म्हणणार, एखादं हट्टी निघतंच. पण पाहुण्यांसमोर ठेवताना लाज वाटत नाही आता.

हॉस्टेलला किंवा पीजीत राहताय, गॅस नाही, तर बॉयलर बिनधास्त घ्या, तिथे त्याला तोड नाही. जिमवाले रोज चार-पाच खात असतील आणि सकाळी गॅसजवळ उभं राहायचा कंटाळा असेल तरी घ्या, आपोआप बंद होतो ते सोयीचं आहेच. पण घरात इडलीपात्र असेल तर पैसे घालवायच्या आधी एक रविवार त्यात सहा अंडी लावून बघा, ती सुद्धा शक्यतो जरा जुनी.