नंबर खरा, चॅसिस दुसरीच: बीटलवरची बग्गी घेताना झालेली फसवणूक

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि जुन्या गाड्यांची हौस असणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितोय. फोक्सवॅगन बीटलच्या चॅसिसवर फायबरग्लासची बॉडी बसवलेली बीच बग्गी घ्यायची म्हणून मी एका माणसाला साडेनऊ हजार पौंड मोजले. गाडी, मोठं इंजिन आणि पुढचे डिस्क ब्रेक असा सगळा व्यवहार एकत्र ठरला होता. घरी आली ती भलत्याच चॅसिसची गाडी, आणि त्या चॅसिसवर 1968 च्या एका बीटलचा चॅसिस नंबर वेल्डिंग करून बसवलेला होता.

यात फसवणूक नेमकी कुठे असते ते समजायला बग्गी कशी बनते हे माहीत असायला हवं. बीटलची बॉडी बोल्ट काढून उचलता येते. खाली उरतो तो फ्लोअरपॅन, म्हणजेच हिची चॅसिस: मधोमध लांब टनेल, दोन्ही बाजूंना पत्र्याची तळजमीन, मागे एअर-कूल्ड इंजिन. कॅलिफोर्नियात होड्या बांधणाऱ्या ब्रूस मेयर्स यांनी 1964 मध्ये फायबरग्लासची बग्गी तयार केली. लवकरच अशा बॉड्या बीटलचा पॅन आखूड करून त्यावर बसू लागल्या. मेयर्स यांचं पेटंट कोर्टात टिकलं नाही आणि जगभर नकला निघाल्या, ब्रिटनमध्येही. त्यामुळे वरची बॉडी बघून गाडीची ओळख पटत नाही. ओळख असते फक्त पॅनवर ठोकलेल्या नंबरात, आणि कागदपत्रं त्या नंबराची असतात. इथे डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याच्या लॉगबुकावर, म्हणजे व्ही5सीवर, ‘फोक्सवॅगन बीटल, 1968’ असं लिहिलेलं असतं आणि समोर उभी असते पिवळीधमक बग्गी. हे कायदेशीर असू शकतं. पण फसवणाऱ्यालाही हीच फट पुरते.

माझ्या विक्रेत्याने जाहिरातीत लिहिलं होतं: पॅन न कापलेला, पूर्ण लांबीचा, 1968 चा, ऐतिहासिक वाहन, रोड टॅक्स नाही, एमओटी (गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी) नाही. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला टॅक्स माफ होऊ शकतो आणि मे 2018 पासून एमओटीही माफ आहे, पण गेल्या तीस वर्षांत गाडीत मूलभूत बदल झालेले नसले तरच. पॅन कापून आखूड केला असेल तर ही माफी धोक्यात येते. म्हणून मी टेप लावून चाकांमधलं अंतर मोजलं. बीटलचं मूळ अंतर 2400 मिलिमीटर, आणि ते बरोबर भरलं. व्ही5सीवरचा चॅसिस नंबर 118 ने सुरू होत होता. त्या काळच्या बीटलच्या नंबरात तिसरा आकडा मॉडेलवर्षाचा असतो, इथे 8, म्हणजे 1968. हेही जुळलं.

पॅनवरचा नंबर मागच्या सीटखाली टनेलवर असतो. तिथे कार्पेट डिंकाने चिकटवलेलं होतं. “कार्पेट फाडलं तर पुन्हा बसवायला पैसे लागतील, हा घ्या फोटो,” म्हणत त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. फोटो खराच होता. आकडे स्पष्ट होते आणि लॉगबुकाशी तंतोतंत जुळत होते. फक्त तो इतक्या जवळून काढला होता की आकड्यांच्या आजूबाजूचं काहीच दिसत नव्हतं. सगळी लबाडी त्या फोटोच्या चौकटीबाहेर होती.

गाडी घरी आल्यावर सीटबेल्टचे बोल्ट नीट बसवायला मागचं सीट आणि कार्पेट काढलं. खाली काळ्या अंडरसीलचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या लेपाचा, जाड थर. इथल्या महाराष्ट्र मंडळातले एक काका आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलेले, त्यांना बोलावलं. “काका, हा थर जरा जास्तच वाटतोय ना?” म्हटलं. त्यांनी पट्टीने हलक्या हाताने तो खरवडला. तळहाताएवढा चौकोनी पत्रा निघाला, चारी बाजूंनी वेल्डिंगची कड, वर ग्राइंडर फिरवलेला. मग त्यांनी पातळ कागद ठेवून वरून आडवी पेन्सिल घासली. आकडे कागदावर उतरले आणि त्यांच्या भोवती चौकोनाची कडही उतरली. “अरे, नंबर कंपनीचाच आहे रे,” काका म्हणाले, “पण हा तुकडा दुसऱ्या गाडीचा आहे. हे बघ, इथला पत्रा जाड, इथला पातळ.”

मग त्यांनी मला गाडीखाली नेलं. 1968 च्या हाताने गिअर टाकायच्या बीटलला मागे स्विंग ॲक्सल असतो: प्रत्येक बाजूला सांधा एकच, गिअरबॉक्सपाशी. माझ्या गाडीला प्रत्येक बाजूला दोन सांधे (सीव्ही जॉइंट) होते, म्हणजे नंतरचं आयआरएस सस्पेन्शन, ज्यात मागची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होतात. कुणी हौसेने असा बदल करतंही, पण तेव्हा पॅनला ब्रॅकेट वेल्ड केल्याच्या खुणा राहतात. इथे ब्रॅकेट मूळचेच होते. अर्थ उघड होता. ब्रिटनचे कागद नसलेला नंतरचा पॅन, बहुधा अमेरिकेतून आणलेला, आणि त्याला कुजून मेलेल्या एका 1968 च्या बीटलचा नंबर. कागद नसलेल्या पॅनवरची बग्गी रस्त्यावर आणायची तर आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीला मंजुरी देणारी सरकारी तपासणी, द्यावी लागते, त्यात बाहेर आलेल्या कडांची गोलाईसुद्धा मोजतात, आणि शेवटी ‘क्यू’ने सुरू होणारा नोंदणी नंबर मिळू शकतो. अशा गाडीला भाव नाही. 1968 च्या कागदांनी तोच सांगाडा काही हजार पौंडांनी महाग होतो.

इंजिनाचंही तेच. 1776 सीसीचे पैसे घेतले होते. त्यासाठी सिलिंडरचा व्यास 90.5 मिलिमीटर लागतो आणि तो बसवायला क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं मुख्य कवच, कापून रुंद करावी लागते. हेड उघडून मोजलं तर 85.5, म्हणजे साधं 1600 चं इंजिन, वरून चकाचक रंगवलेलं. क्रँकची, म्हणजे इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याची, पुली हाताने पुढे-मागे ओढली तर टक् टक् आवाज येत होता. तिथे 0.15 मिलिमीटरपेक्षा जास्त खेळ असेल तर इंजिन उघडून काम करावं लागतं. हे इंजिन बंद असताना, काही न उघडता, दोन मिनिटांत करता येतं. गाडी बघायला जाल तेव्हा हे करायला अजिबात लाजू नका.

सगळ्यात जास्त राग मला पेट्रोलच्या पाइपाचा आला. जुनी, तडे गेलेली रबरी नळी, क्लॅम्पशिवाय, गरम इंजिनावरून नेलेली. बीटलच्या क्रँककेसमध्ये मॅग्नेशियम असतं, एकदा पेटली की विझवणं फार अवघड. माझी मुलं मागे बसणार आहेत हे त्या माणसाला मी सांगितलेलं होतं.

गाडी मी त्याच दिवसापासून रस्त्यावर काढली नाही. एसओआरएन भरून ती रस्त्याबाहेर असल्याचं जाहीर केलं आणि विमा कंपनीला लेखी कळवलं. नंबरात फेरफार आहे हे माहीत असताना ते लपवून विमा चालू ठेवला तर पुढे अपघातात दावा नाकारला जाऊ शकतो. पोलिसांकडे आणि डीव्हीएलएकडे फोटोंसह माहिती दिली. पॅन चोरीचा असण्याची शक्यता असते, त्यामुळे हे टाळू नका, गाडी हातची जाईल अशी भीती वाटली तरीही.

पैशांसाठी वेगळी लढाई. विक्रेत्याचं म्हणणं, “मी खाजगी माणूस, जशी होती तशी विकली.” खाजगी विक्रीत गाडीच्या दर्जाची हमी नसते हे खरं, पण वर्णन खोटं असेल तर खाजगी विक्रेताही जबाबदार असतो. आणि व्यापारी असेल तर 2015 चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो, त्यात सदोष वस्तू पहिल्या 30 दिवसांत परत करून पैसे मागता येतात. त्याचाच फोन नंबर आणखी जुन्या गाड्यांच्या जाहिरातींवर सापडला. त्या सगळ्यांचे स्क्रीनशॉट मी काढून ठेवले आणि सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या सल्ल्याने आधी लेखी नोटीस पाठवली, मग छोट्या दाव्यांच्या कोर्टात गेलो. इंग्लंडमध्ये तिथे 10,000 पौंडांपर्यंतचे दावे चालतात. सगळे निरोप मी लेखी ठेवले होते, त्याचा फार उपयोग झाला. ‘पॅन 1968 चाच आहे’ हे त्याने स्वतः मेसेजमध्ये लिहिलेलं होतं.

निकाल माझ्या बाजूने लागला. हप्ते ठरले, थोडे पैसे आले, मग थांबले. आता वसुलीचा अर्ज केला आहे. प्रकरण मिटलेलं नाही म्हणून नाव लिहीत नाही.

महाराष्ट्रातून काही जण अशी गाडी तिकडे बनवायचं विचारतात. तिथे वाट आणखी बिकट आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 बद्दल निकाल दिला आहे, उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही. आधी आरटीओत विचारा, मग पैसे खर्च करा.

इथे घेणार असाल तर नंबराचा फोटो हातभर अंतरावरून मागा, आकड्यांच्या दोन्ही बाजूंना टनेल दिसेल असा, अंडरसील खरवडलेला. लॉगबुक मालकीचा पुरावा नाही, ते त्यावर छापलेलंच असतं. डीव्हीएलएचे नियम बदलत असतात, व्यवहाराच्या दिवशी त्यांच्याच पानावर वाचा. आणि मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात, असाल तर जास्त जपून राहा. गेल्या महिन्यात मला एक निळी बग्गी जाहिरातीत दिसली: ‘पूर्ण लांबीचा पॅन, ऐतिहासिक, एमओटी नाही’, नंबराचा तसाच अगदी जवळून काढलेला फोटो, मागे त्याच गॅरेजचं हिरवं दार. जाहिरातीची माहिती मी ट्रेडिंग स्टँडर्ड्सपर्यंत, म्हणजे व्यापारातल्या फसवणुकीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेपर्यंत, पोहोचवली आहे, पण हे लिहिताना ती अजून सुरूच आहे.