फिलमॉन्टला जाणार असाल तर गाढव असलेला मार्ग निवडा

अमेरिकेत वाढणाऱ्या आणि स्काउटमध्ये रमणाऱ्या मराठी मुलांच्या घरी न्यू मेक्सिकोतील सिमॅरॉनजवळच्या फिलमॉन्ट स्काउट रँचचे नाव कधी ना कधी निघतेच. ओक्लाहोमाचे तेल उद्योजक वेट फिलिप्स यांनी १९३८ मध्ये आणि पुन्हा १९४१ मध्ये आपली जमीन स्काउट संघटनेला दान दिली. आज सुमारे १,४०,००० एकरांच्या या डोंगराळ मुलुखात मुलांचे गट पाठीवर बिऱ्हाड घेऊन दिवसेंदिवस चालतात. मुलाच्या गटाबरोबर प्रौढ सल्लागार म्हणून मीही गेलो होतो. संपूर्ण मोहिमेविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. येथे मात्र मी काही ठरावीक मार्गांवरच मिळणाऱ्या एका सोयीविषयी, म्हणजे ओझे वाहणाऱ्या गाढवासोबतच्या चालीविषयी लिहितो आहे.

सोय हा शब्द खरे तर येथे अपुरा आहे. गाढव मिळाले म्हणजे पाठ मोकळी झाली, असे समजून कोणी गेल्यास त्याची निराशा होईल, कारण प्रत्येकाची पिशवी पाठीवर राहतेच आणि गाढवावर चढते ते प्रामुख्याने गटाचे सामाईक सामान. त्या बदल्यात एका जिवाची संपूर्ण जबाबदारी मुलांवर येते. पोनिलसारख्या तळावर तेथील कर्मचारी आधी सर्व काही करून दाखवतात आणि मग बाजूला होतात. अंगावर खरारा करायचा, पाठीवर काटा किंवा खडा राहिलेला नाही हे हात फिरवून पाहायचे, घोंगडी सुरकुती न पडता अंथरायची, त्यावर लाकडी खोगीर ठेवून तंग, म्हणजे पोटाखालून जाणारा पट्टा, आवळायचा. गाढव श्वास रोखून पोट फुगवते, त्यामुळे थोडे चालून झाल्यावर तंग पुन्हा आवळावाच लागतो.

मला सर्वांत आवडली ती ओझे बांधण्याची पद्धत. दोन्ही बाजूंचे वजन सारखे नसेल तर खोगीर एका अंगाला कलते आणि जनावराची पाठ सोलवटते, म्हणून मुले दोन्ही हातांत एकेक बोचके तोलून पाहत होती आणि पातेल्यांच्या बाजूचे एक भांडे काढून शिध्याच्या बाजूला घालत होती. त्यानंतर ओझ्यावरून दोर असा फिरवतात की माथ्यावर त्याचा चौकट आकार तयार होतो आणि एक टोक ओढले की सगळीकडून सारखा ताण बसतो. ही गाठ आमच्या मुलांना सहजासहजी जमली नाही, पण कोणीही घाई केली नाही, आणि शिकवणाऱ्यांच्या या संयमाला मी पूर्ण गुण देईन.

चालताना गाढव अडते, आणि येथेच मुलांची परीक्षा असते. घोडा घाबरला की पळतो. रखरखीत, खडकाळ प्रदेशातील रानगाढवांचा हा वंशज मात्र जागीच थांबून अंदाज घेतो. एका ओहोळापाशी आमचे गाढव पाय रोवून उभे राहिले, तेव्हा पुढच्या मुलाने दोर ताणून पाहिला आणि जनावराने मान तेवढी लांब केली. मग गटप्रमुख मुलीने दोर सैल सोडायला सांगितले, स्वतः पाण्यात उतरून शांतपणे उभी राहिली, आणि काही वेळाने गाढव आपण होऊन तिच्यामागे आले. आम्ही मोठी माणसे तोंडातून शब्द न काढता पाहत होतो. फिलमॉन्टमध्ये गटाचे नेतृत्व मुलांकडेच असते, हा नियम मला त्या ओहोळाकाठी खऱ्या अर्थाने पटला.

मुक्कामाला पोहोचल्यावर स्वतःची तंबूची जागा शोधण्याआधी गाढवाचे ओझे उतरवणे, त्याला पाणी दाखवणे आणि चारा घालणे ही कामे करावी लागतात. दमलेल्या मुलांना ते जड जाते, तरीही माझ्या मते दिवसातील हीच वेळ सर्वांत मोलाची असते.

मराठी पालकांसाठी दोन गोष्टी सांगतो. शाकाहारी मुलांसाठी शिध्यातील कोणत्या पाकिटांना पर्याय लागेल ते आधीच पाहून स्वतःचे पदार्थ पाठवण्याची तयारी ठेवा. दशम्या, मेतकूट आणि दाण्याची चटणी आमच्या गटात सर्वांनीच आवडीने खाल्ली. दुसरे म्हणजे, जुलैमध्ये तेथे दुपारनंतर विजांसह पाऊस येतो आणि गाढवाबरोबर वेग वाढवता येत नाही, तेव्हा त्या दिवशी पहाटेच निघावे. मार्ग निवडताना प्रत्येक मार्गावरील उपक्रमांची यादी मिळते. शिखरांची उंची पाहण्याआधी त्या यादीत गाढव आहे का ते पाहा.